स्वस्तातली दुनळी

व्हर्जिल हुब्का आमच्या ब्रॅनिकचा टपालवाला होता. गावातला नव्हे, गावाबाहेरच्या शेतवस्तीचा. रोजचे एकशे चार मैल, त्यातले नव्वद तरी खडीचे. सरकारी गाडी मिळायची नाही, म्हणून तो स्वतःच्या गाडीत उजवीकडच्या सीटवर बसायचा आणि डावा हात, डावा पाय पलीकडे टाकून गाडी हाकायचा. तसं बसलं की खिडकीतून हात बाहेर काढून थेट पेटीत पत्र टाकता येतं. छत्तीस वर्षं तो असा तिरका बसला. कंबर त्यातच गेली.

राज्याचं वन्यजीव खातं वर्षातून चार वेळा कॅन्ससच्या टपालवाल्यांना एक कागद पाठवतं. आठवडाभर वाटेत जेवढे लावे पक्षी दिसतील तेवढे मोजायचे आणि लिहून धाडायचे. त्याचे पैसे मिळत नाहीत. त्यामुळे बरेचसे टपालवाले शनिवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आठवेल तो आकडा टाकून द्यायचे. व्हर्जिल मात्र गाडी थांबवायचा. थवा झुडपात शिरला आणि मोजायचा राहिला, तर पत्रं तशीच ठेवून पायी मागे जायचा.

"लोकांना टपाल उशिरा मिळतंय, कळतंय का तुला?" पोस्टमास्तर वैतागायचा.

"बिलंच असतात सगळी. उशिरा मिळाली म्हणून कोण रडतंय?"

सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या आठवड्याच्या कागदावर दीडशे-दोनशे लावे असायचे. मला हे ठाऊक आहे, कारण आमचं हार्डवेअरचं दुकान पोस्टाच्या समोरच होतं आणि कागद पेटीत टाकण्याआधी तो मला दाखवून जायचा. मी एमेट कॅस्पर. दुकान वडिलांचं, त्यांच्यामागे माझं. खिळे, पाइप, रंग, कुंपणाची तार आणि मागच्या भिंतीला बंदुका.

बंदुकांचं म्हणाल तर आमच्याकडे बहुतेकांना एकनळी किंवा पंपाची चालते. बदकांना चालते, फेझंटला चालते. पण लाव्याची गोष्ट वेगळी. दिवसभर पायी चालायचं आणि पायाखालून फर्रर्र करून दहा-पंधरा पक्षी एकदम उडाले की दोन क्षणांत खांद्याला लावायची. त्याला हलकी दुनळी हवी. अमेरिकेत तसल्या बनायच्या बंद झाल्या होत्या आणि इंग्लिश दुनळीच्या किमतीत आमच्याकडे ट्रॅक्टर येतो. राहिल्या परदेशातल्या स्वस्त. स्पेनमधल्या एका डोंगराळ भागात घरोघरी छोटे कारखाने होते, तिथून त्या यायच्या. पुठ्ठ्याचं खोकं, आत तेलकट कागद, त्यात दोन तुकडे. दस्त्याचं लाकूड मऊ, नक्षी जरा ओबडधोबड, पण आतलं काम माणसानं कानसीनं घासून जुळवलेलं.

एकोणऐंशी साली व्हर्जिलनं माझ्याकडून तसली एक घेतली. त्याआधी तो सासऱ्याची एकनळी मागून न्यायचा आणि सासरा प्रत्येक वेळी काडतुसं मोजून द्यायचा. दुनळी पाहायला तो तीन शनिवार आला. चौथ्या शनिवारी बायकोला घेऊन आला.

"अर्लेन, नुसती हातात धरून बघ," तो म्हणाला.

अर्लेननं धरली, वजन घेतलं आणि परत दिली. "माझ्या शिवणयंत्रापेक्षा हलकी आहे. आणि एमेट, ह्याला ही घेऊ दे बाबा. महिनाभर झोपेत बडबडतोय."

ती बंदूक बावीस वर्षं त्याच्याकडे होती. मी त्याच्याबरोबर पुष्कळदा गेलोय. तो थव्यातून दोनच पक्षी घ्यायचा आणि पांगलेल्यांच्या मागे कधीच जायचा नाही. मी म्हणायचो, "अरे, ते बघ तिकडे ओढ्यात उतरले, चल ना." तो म्हणायचा, "त्यांना संध्याकाळी एकमेकांना हाका मारून गोळा व्हायचं असतं. सोड." संध्याकाळी अर्लेन लावे लोण्यात परतून, वर साय घालून वाढायची आणि खसखशीचे कोलाचे, म्हणजे गोड पाव, असायचे. मूल त्यांना नव्हतं. कुत्री असायची, एकामागून एक.

मग अर्लेनला मूत्रपिंडाचा विकार झाला. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी सलायना शहरात न्यायचं, आणायचं. दुसऱ्या वर्षी व्हर्जिलनं दुनळी विकली. कॅन्सस सिटीचा एक दाताचा डॉक्टर शिकारीला आला होता, त्याला. व्हर्जिलनं दुकानात येऊन मला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "मला विचारायचं होतंस, मी ठेवून घेतली असती."

"म्हणूनच नाही विचारलं," तो म्हणाला.

अर्लेन पुढच्या एप्रिलमध्ये गेली. त्यानंतर सात-आठ वर्षं व्हर्जिल शिकारीला गेला नाही. कागद मात्र भरायचा. आकडे उतरत चालले होते. ऐंशी, पन्नास, एकतीस. लोक म्हणायचे, कोल्हे वाढले, ससाणे वाढले, रानटी टर्की अंडी खातात. व्हर्जिल म्हणायचा, "एमेट, मी रोज एकशे चार मैल बघतो ना. बांध गेले. झुडूप राहिलं नाही. आता शेत म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी. लावा बसेल कुठे?" हे तो रागानं सांगायचा नाही. कुणाकडे नवं गवतकापणी यंत्र आलं, हे सांगावं तसं सांगायचा.

मग त्याला कुत्री मिळाली. सलायनाच्या त्याच्या बहिणीच्या शेजाऱ्यांना नको होती, म्हणून त्यानं आणली. पांढरी आणि तपकिरी, आखूड शेपटीची, शिकारीच्या जातीची. नाव ठेवलं मिन्का. कुत्रीनं त्याला पुन्हा घराबाहेर काढलं, हे खरं. सकाळी टपालाआधी तो तिला कुरणात घेऊन जाऊ लागला. ती चिमण्यांपुढेसुद्धा एक पाय उचलून ताठ उभी राहायची. तो हसून मला सांगायचा. त्याला हसताना बघून मला किती वर्षं झाली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

ती तीन वर्षांची झाली त्या सप्टेंबरात तो दुकानात आला.

"दुनळी आहे का काही? वीस बोअरची. हलकी."

स्पेनमधले कारखाने एव्हाना एकेक करून बंद झाले होते. जुना माल बाजारात होता, पण आता त्यालाच हौशी लोक मोठी किंमत देत होते. स्वस्तात यायला लागल्या होत्या त्या तुर्कस्तानच्या. त्या दिसायला स्पेनच्यांपेक्षा देखण्या. अक्रोडाचं लाकूड असं की हात फिरवावासा वाटावा. माझ्याकडे एका आयातदाराकडून चार आल्या होत्या. एक विकली होती. तीन भिंतीला होत्या.

आता जे सांगतोय ते मला सांगितलंच पाहिजे. ती विकलेली एक परत आली होती. ज्यानं घेतली तो म्हणाला, "पुढचा चाप ओढला की दोन्ही नळ्या उडतात. पहिला बार झाला की त्याच्या धक्क्यानं दुसरीचा अडकाव सुटतो. दरवेळी नाही, पण उडतात." मी आयातदाराला फोन केला. तिथला माणूस गोड बोलला. कारखान्यातलं ग्रीस वाळलेलं असतं, म्हणाला, साफ केली की काही होत नाही. दुसरी पाठवतो, म्हणाला आणि पाठवलीही. राहिलेल्या तिन्ही मी खोलून पुसल्या, तेल दिलं, परत टांगल्या.

व्हर्जिलनं त्यातली एक उतरवली. तो चष्मा कपाळावर सरकवून नळ्यांतून उजेडाकडे बघत राहिला. मग खांद्याला लावली, काढली, पुन्हा लावली.

"चांगली बसतेय रे," तो म्हणाला. मग दस्त्यावरून अंगठा फिरवत त्यानं विचारलं, "ह्यांची काही तक्रार? तुर्कांची मी कधी वापरली नाही."

दुकानात आम्ही दोघंच होतो. सदुसष्ट वर्षांचा माणूस, आठ वर्षांनी हातात दुनळी धरून उभा. खरं सांगितलं असतं तर त्यानं ती परत टांगली असती आणि दुसरी घेण्याची त्याची ऐपत नव्हती. मी स्वतःला असं सांगितलं. आणखी एक गोष्ट स्वतःला सांगितली नाही, ती अशी की त्या वर्षी माझं दुकानही धड चाललं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "चांगल्या आहेत."

बंदूक विक्रीचा सरकारी फॉर्म भरला, फोनवर त्याची चौकशी झाली, तो बंदूक घेऊन गेला. पुढचे दोन महिने त्यानं रिकाम्या डब्यांवर चार डझन काडतुसं उडवली. एकदाही काही झालं नाही. त्यानं तसं येऊन सांगितलं, तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

ऑक्टोबरचा त्याचा कागद मी पाहिला. अकरा. आठवड्याचे सगळे मिळून अकरा आणि तेही एकाच थव्याचे. डग रेझॅकच्या ज्वारीच्या शेताला लागून काटेरी झाडांचा एक जुना बांध होता, अर्धा मैल लांब, खाली रानटी आलुबुखाऱ्याची जाळी. तेवढंच राहिलं होतं. डग तो बांध उपटणार होता, सगळ्यांना माहीत होतं. पण व्हर्जिल त्याच्याकडे गेला आणि नुसतं विचारलं. डग म्हणाला, "व्हर्जिल, तू माझ्या आईची औषधं पेटीत न टाकता दारापर्यंत आणून द्यायचास. राहू दे तो बांध, तू आहेस तोवर."

नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला, तेव्हा त्यानं मला बरोबर बोलावलं. मी बंदूक घेतली नाही. वाटेत पिकअपमध्ये त्यानं मला हिशेब सांगितला.

"काल संध्याकाळी बघून आलो. नऊ आहेत. ससाण्यानं दोन नेले असतील. मी एक घेणार. एकच. आठ राहायला हवेत."

"आठच का?"

"रात्री ते जमिनीवर गोल करून बसतात ना. शेपट्या आत, चोची बाहेर, अंगाला अंग. आठ असले तर वर्तुळ पुरं होतं, ऊब राहते. त्याहून कमी झाले की थंडीत टिकत नाहीत. हे माझे वडील सांगायचे आणि मी पाहिलंयसुद्धा."

"मग एक तरी कशाला?"

मिन्का आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. "हिनं कधी खरा पक्षी तोंडात धरला नाहीये, एमेट. पिंजऱ्यातले सोडलेले धरलेत. तिचा जन्म ज्याच्यासाठी झालाय ते एकदा तरी तिला मिळू दे. मग मी बंदूक पुसून ठेवतो."

गवतावर पांढरं दहिवर होतं. वारा नव्हता. बांधाच्या कडेनं आम्ही पाव मैल गेलो असू, मिन्का जाळीपाशी वळली आणि वळता वळता तशीच थिजली. एक पाय वर, नाक पुढे. व्हर्जिल तिच्या पाठीमागून पुढे गेला, अगदी सावकाश, तिच्याशी हळू बोलत. "बरोबर. बरोबर आहे, पोरी. थांब."

थवा उडाला. एकाच झुबक्यात सगळे ज्वारीच्या दिशेनं. व्हर्जिलनं सगळ्यात मागे राहिलेल्या नरावर धरली आणि ओढली. बार झाला तो एकच, पण असा मोठा की मला लगेच कळलं. त्याचा खांदा मागे झटकला, नळ्या वर उसळल्या आणि पुढच्या झुबक्यातून पिसं सांडली.

तीन पडले. दोन जागच्या जागी. तिसरा पंख मोडून पळाला, तो मिन्कानं जाळीतून काढून आणला. ती तो मऊ तोंडात धरून आली आणि त्याच्यापुढे बसली. अगदी शिकवल्यासारखी. तो तिच्याकडे बघतही नव्हता.

"मी एकदाच ओढला," तो म्हणाला.

"हो."

"एमेट, माझं बोट मागच्या चापाला लागलंही नाही. शप्पथ."

"मला माहितेय."

त्यानं बंदूक मधून दुमडून उघडली. दोन्ही काडतुसं रिकामी होती. त्यानं ती तळहातावर घेतली, बराच वेळ पाहिली आणि मग वाकून कुत्रीच्या तोंडातून पक्षी घेतला. तो जिवंत होता. त्यानं त्याची मान मोडली. ह्या कामाला एरवी त्याला क्षणही लागायचा नाही. त्या दिवशी त्याला दोनदा करावं लागलं.

पिकअपमध्ये बसल्यावर मी सांगितलं. तेव्हाच का सांगितलं, मला सांगता येणार नाही. गप्प बसलो असतो तर त्याला कधीच कळलं नसतं.

"अशी एक परत आली होती माझ्याकडे. तू घ्यायच्या आधी."

त्यानं किल्ली फिरवली नाही. समोरच्या काचेतून बघत राहिला.

"मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तू नाही म्हणालास."

"मला वाटलं, साफ केली की..."

"लेका, मी तुला विचारलं होतं," तो पुन्हा म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तो बंदूक घेऊन आला, काउंटरवर ठेवली. मी गल्ला उघडला, तर म्हणाला, "पैसे नको." मी पैसे त्याच्या हातात कोंबायला गेलो. त्यानं हात खिशात घातले. त्या तिन्ही बंदुका मी आयातदाराकडे परत पाठवायला निघालो, तर त्याचा फोन लागेना. मग मी त्या मागच्या शेडमध्ये नेल्या आणि करवतीनं नळ्या कापल्या. त्यानं काय होणार होतं? काहीच नाही.

सहा लावे राहिले होते. व्हर्जिल रोज टपालाच्या वाटेवर बांधापाशी थांबून ज्वारी, गहू टाकायचा. वाळकी झुडपं तोडून त्यानं जाळीच्या उत्तरेला आडोसा केला. डगनं त्याला कडब्याच्या चार गासड्या दिल्या, त्या रचल्या. डग मला म्हणाला, "त्याला सांग ना कुणीतरी, रानातले पक्षी आहेत, कोंबड्या नाहीत." मी काय सांगणार?

नाताळच्या आठवड्यात गोठता पाऊस आला. आधी नुसता पाऊस, मग तारांवर, गवतावर, फांद्यांवर काच. दोन दिवस वीज नव्हती, टपाल निघालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

"येतोस का बांधावर?" एवढंच.

मी गेलो, तेव्हा तो त्याच्या आडोशापलीकडे, उघड्यावर, गुडघ्यांवर बसला होता. का कोण जाणे, पण लावे त्या आडोशात शिरलेच नव्हते. चाळीस पावलांवर गवताच्या एका पुंजक्याखाली बसले होते. सहाही. शेपट्या आत, चोची बाहेर. अंगावर पातळ बर्फ. एका बाजूला वर्तुळ उघडंच राहिलं होतं, दोन पक्ष्यांएवढं. तिथून वारा आत शिरला असणार.

"उत्तरेकडूनच," व्हर्जिल म्हणाला.

मी त्याला उठवायला हात पुढे केला. त्यानं तो घेतला नाही, कडब्याच्या गासडीला धरून उठला.

"व्हर्जिल, आठ असते तरी ह्या बर्फात..."

"माहीत नाही," तो म्हणाला. "तुलाही नाही आणि मलाही नाही. तेच तर आहे ना."

जानेवारीचा कागद त्यानं मला दाखवला नाही. पोस्टमास्तरनं सांगितलं. खात्यातल्या एका बाईचा फोन आला होता, की तुमचा टपालवाला लाव्यांचा रकाना भरायला विसरलेला दिसतोय, तिथं शून्यच आहे. पोस्टमास्तरनं फोन त्याच्याकडे दिला.

"विसरलो नाही, बाई," तो म्हणाला. "मोजूनच लिहिलंय."

एप्रिलमध्येही तेच. मे महिन्यात नर शीळ घालतात. त्या वर्षी मी रोज सकाळी दुकानामागे उभा राहून ऐकायचो. यंत्रांचे आवाज यायचे, दुसरं काही नाही. जुलैचा कागद भरण्याआधीच व्हर्जिलनं नोकरी सोडली. घर विकून तो सलायनाला गेला, बहिणीच्या जवळ एका फ्लॅटमध्ये. जाताना माझ्याकडे आला नाही. खोकी बांधायला लागणारी दोरी आणि चिकटपट्टीसुद्धा त्यानं दुसऱ्या गावातून आणली. डगनं पुढच्या हिवाळ्यात बांध काढला. त्याला आता नाही म्हणायला कारण नव्हतं. मी बंदुका ठेवणं बंद केलं आणि चार वर्षांनी दुकानच.

मी व्हर्जिलकडे एकदाच गेलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीतून टायरच्या दुकानाचं आवार दिसायचं. मिन्का सोफ्यावर होती, जाडी झालेली. मला ओळखून तिनं आखूड शेपटी हलवली, पण उतरली नाही. बहिणीनं कॉफी आणि बशीत जर्दाळूचे कोलाचे ठेवले आणि आम्हाला बोलता यावं म्हणून आत गेली. आम्ही त्याच्या कमरेबद्दल बोललो. माझ्या कोलेस्टेरॉलबद्दल बोललो. कुणा कुणाचे दफनविधी झाले, ते मोजले.

शेवटी मी म्हणालो, "मी तेव्हा जे केलं ना व्हर्जिल..."

"नको," तो म्हणाला.

"मला एकदा बोलू दे."

"बोलून तुला बरं वाटेल. मला नाही." त्यानं कप खाली ठेवला. "माझा तुझ्यावर राग नाही, एमेट. बरेच दिवस होता. आता नाही. कारण ओढला मीच. मी म्हणालो होतो एक, तरी तो एकही मला कशाला हवा होता? कुत्रीचं नुसतं निमित्त केलं. मलाच हवा होता."

खाली कुणीतरी हवेच्या नळीनं टायर भरत होतं, त्याचा फुस्सफुस्स आवाज येत होता.

मी उठलो, तेव्हा तो दारापर्यंत आला. दाराची कडी धरून म्हणाला, "परत येऊ नकोस. रागानं सांगत नाहीये. तू आलास की मला सगळं पुन्हा मोजावं लागतं."

ह्याला आता तीन वर्षं झाली. तो आहे अजून. त्याच्या बहिणीचं नाताळला कार्ड येतं, त्याच्यावर ती दोघांची नावं लिहिते, पण अक्षर तिचंच असतं. मी गेलो नाही. सलायनाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं लागतं मला, दर तीन महिन्यांनी. त्याच्या रस्त्याच्या दोन चौक आधी वळतो.